सपाट रेघ

“हलू नका, आप्पाजी. वायर निघेल.”

“हलतोय कुठं, अक्का? खाजवत होतो नव्हं.”

प्रेमाने त्यांच्या मागच्या केसांत चिकटवलेली चकती पुन्हा दाबून बसवली आणि दिवा घालवला. जयनगरच्या त्या नेत्ररुग्णालयात ती बावीस वर्षे हेच करत आली होती. माणसाला अंधाऱ्या खोलीत बसवायचे, डोळ्यापुढे प्रकाश चमकवायचा, डोळा आणि मेंदू त्याला काय उत्तर देतात त्याची रेघ काढायची आणि कागद डॉक्टरांकडे पाठवायचा. चमकवण्याआधी वीस मिनिटे गडद अंधार, हा नियम. ठार आंधळ्याला अंधाराची कसली सवय लावायची, म्हणून बाकीचे तंत्रज्ञ ती वीस मिनिटे सरळ खाऊन टाकत. प्रेमा मात्र हट्टी. आंधळा असो की डोळस, तिच्या खोलीत सगळे सारखे. त्यावरून तिची चेष्टा होई, आणि बाहेर रांग वाढली की बोलणीही खावी लागत.

आप्पाजी मूळचे निपाणीकडचे. तंबाखूच्या वखारीत उमर काढलेले, आता होसकोट्याला मुलाकडे, सुरजकडे राहत होते. डावा डोळा तरुणपणीच अपघातात फुटून गेलेला. उजव्याच्या पडद्याला लागलेल्या रोगाने अकरा वर्षांपूर्वी उरलासुरला उजेडही नेला. आता तो डोळा नुसता ठणकत होता. गुरुवारी तो काढून तिथे काचेचा बसवायचे ठरले होते. त्याआधीची ही शेवटची तपासणी.

अंधारात माणसे बोलतात, हे प्रेमाला ठाऊक होते. आप्पाजींना तर निमित्तच हवे होते.

“सुरज म्हणतोय काढून टाकू. मी म्हटलं, सरी, काढा. दिसत न्हाई तर ठेवून करायचंय काय? पर डाक्टरीणबाईंना सांग, पट्टी तेवढी लवकर सोडा म्हणावं.”

“का हो?”

“मागं डोळा चिघळला तवा पंधरा दिस काळी जाड पट्टी बांधली हुती. माझं डोस्कंच फिरलं की! दुपारी डाराडूर, रातीला टक्क जागा. एकदा पहाट झाली म्हणून बंब पेटवला, तर सून म्हणती, मामा, आत्ता कुठं अकरा वाजलेत. म्हातारा भ्रमिष्ट झाला, असंच धरून चालली सगळी.”

“तेव्हा उन्हात बसत नव्हतात का?”

“बसत हुतो की. रोजच्यासारखा अंगणात, उघड्या अंगानं. पट्टी सोडली आणि आठ दिसांत समदं जाग्यावर. झोप वक्ताला, भूक वक्ताला.”

प्रेमाचा हात यंत्रावरच थांबला. ऊन तेच, अंगण तेच. झाकला होता तो फक्त डोळा.

तिचे वडील विश्वेश्वर, घरातले अण्णा. त्यांनाही हाच रोग होता. त्यांची सपाट, काहीच उत्तर न देणारी रेघ चार वर्षांपूर्वी तिनेच काढली होती. डोळे दुखतात म्हणून ते रात्रंदिवस कण्हत, आणि तिला ते बघवत नसे. “उपयोग काय त्यांचा, अण्णा? काढून टाकू,” असे तिनेच पुन्हा पुन्हा म्हटले. दोन्ही काढले. दुखणे थांबले खरे, पण तेव्हापासून अण्णांचे दिवसरात्रीचे गणित विस्कटले. कधी ताटावर बसल्या बसल्या पेंगत, तर कधी सारे घर झोपलेले असताना भिंती चाचपत फिरत. “मला दिवस सापडत नाही गं,” असे म्हणत. म्हातारपणाचा चक्रमपणा म्हणून ती त्यांच्यावर खेकसायची.

अण्णा गेल्यावर दोन महिन्यांनी हेब्बाळच्या एका संशोधन संस्थेत ती प्रशिक्षणाला गेली होती. तिथल्या बाईंनी सांगितले होते की डोळ्यात काही पेशी अशा असतात ज्या पाहण्याचे काम करतच नाहीत. दिवस आहे की रात्र, एवढेच त्या मेंदूला कळवतात. शरीराचे घड्याळ त्यांच्यावर लागते, आणि आपल्या यंत्राच्या रेघेत त्यांचे उत्तर उमटत नाही. प्रेमाला ते तिथल्या तिथे समजले होते. समजले म्हणूनच तिने ते मनाच्या तळाशी दडपून टाकले होते.

वीस मिनिटे संपली. तिने प्रकाश चमकवला, पुन्हा चमकवला. रेघ सपाट. कागदावर ‘प्रतिसाद नाही’ लिहिले की तिचे काम संपत होते. मत देणे हे तंत्रज्ञाचे कामच नव्हे. ती कागद घेऊन उठली आणि तशीच डॉक्टर ऋचांच्या खोलीत गेली.

“डॉक्टर, गुरुवारचा डोळा काढू नका.”

“का? रिपोर्ट तर फ्लॅट आहे ना, प्रेमाताई?”

तिने पट्टीची हकीकत सांगितली. ऋचा पुण्याहून नुकतीच आलेली, तरुण आणि घाईची, पण ऐकून घेणारी होती. ती उठून तपासणीच्या खोलीत आली. आप्पाजींच्या डोळ्यावर तिने निळा प्रकाश धरला, आणि नेहमीसारखा लगेच काढून न घेता धरूनच ठेवला. बराच वेळ काही झाले नाही. मग बाहुली आळसावल्यासारखी, हळूहळू लहान होत गेली.

“ओह, उजेड पोचतोय याला,” ऋचा म्हणाली.

सुरजला बोलावून तिने नीट समजावून सांगितले. दुखण्यावर दुसरे उपाय करून बघता येतील, पण हा डोळा काढला तर यांची झोपजाग कायमची बिघडू शकते.

“पण ठणका, बाबा?” सुरज कळवळून म्हणाला.

“ठणकू दे. आंधळा म्हणून जगलो, त्याचं काय न्हाई. पर त्या पंधरा दिसांवानी न्हाई जगायचं मला, लेका.”

बापलेक गेल्यावर ऋचाने गुरुवारच्या यादीतले नाव खोडले. “ग्रेट, प्रेमाताई. खरंच. मला हे सुचलंच नसतं. बावीस वर्षांचा एक्स्पीरियन्स आहे शेवटी.”

मान डोलावून निघून जाणे सोपे होते. प्रेमा दारापर्यंत गेलीही.

“अनुभव नाही, डॉक्टर. माझ्या वडिलांचे दोन्ही काढले. मीच मागे लागून.”

ऋचाने खुर्ची तिच्यापुढे सरकवली.

“तीन वर्षं ते मला विचारत राहिले, उजाडलं का गं म्हणून,” प्रेमा म्हणाली. “आणि मी त्यांना झोपा म्हणत राहिले.”