ललिता पंचमीची तारीख

"नवरात्राचे नऊ दिवस पायात काही घालू नको. रजतसाठी बोललेलं आहे मी हे. माह्या मागं हा नवस तू चालव."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला घाटंजीत येऊन चार महिने झाले होते. माझं माहेर पैनगंगेपलीकडे, तेलंगणात. घरात मराठी, शाळा मात्र सगळी तेलुगू. माझ्या यजमानांच्या, रजतच्या, दोन्ही किडन्या तोवर निकामी झाल्या होत्या. दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला यवतमाळ. यांना गाडी चालवायची मनाई झाली, म्हणून आमची जुनी व्हॅन शेजारचा नौशाद चालवायचा, आपलं गॅरेज बंद ठेवून. मला शिकवलंही त्यानेच.

"भाभी, क्लच आहे तो. निरांजन नाही. इतक्या धीरे काहून सोडता?"

मी यांना शब्द दिला होता, तुमची एकही पाळी चुकू देणार नाही. पण लर्निंग लायसनसाठी आधी आधार कार्डावर इथला पत्ता यावा लागला. मग रस्त्यावरच्या खुणांची परीक्षा. प्रश्न मराठीतले, मी अक्षर लावून वाचेपर्यंत वेळ संपे. दोनदा नापास. तिसऱ्यांदा पास झाले आणि पक्क्या लायसनची तारीख मिळाली, पण सासूबाई वारल्या आणि ती त्यांच्या सुतकात गेली.

लर्निंगची मुदत सहा महिन्यांची. ती संपायला आली तेव्हा कॉम्प्युटरवर दोनच तारखा मोकळ्या होत्या. एक पितृपक्षातली, दुसरी ललिता पंचमीची, अगदी मुदतीच्या शेवटच्या दिवशी. पितृपक्षात शुभ काम कसं करावं? मी पंचमी घेतली. देवीचा दिवस म्हणून मनात हातही जोडले. पायांचा विचार मला शिवलाही नाही.

पंचमीला, मंगळवारी, आरटीओच्या ट्रॅकवर माझा नंबर आला. साहेबांनी कागद पाहिले, मग खाली पाहिलं.

"ताई, चपला कुठं आहेत?"

"नवरात्र आहे साहेब. अनवाणी आहे."

"माझ्या आईचंही असते. पण अनवाणी परीक्षा नाही घेता येत. पाय घसरला तर? पाच मिनिटांसाठी काहीतरी घाला. थांबतो मी."

हे बाकावरून उठून आले. आपल्या चपला काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या. पाय सुजलेले होते. पट्ट्याचे वळ खोल उमटले होते.

"घाल. देवी काय कॅमेरा लावून बसली आहे?"

मी हसू शकले नाही. उजवा पाय उचलला. चप्पल उन्हानं तापली होती. नवस यांच्यासाठी, गाडीही यांच्यासाठी. मोडला आणि यांना काही झालं, तर ते मीच केलेलं असेल. माझा पाय पुन्हा मातीवर आला.

साहेबांनी आणखी थोडी वाट पाहिली, आणि पुढचं नाव पुकारलं.

येताना व्हॅन नौशादच चालवत होता. मग तो म्हणाला, "भाभी, नागपूरच्या गॅरेजवाल्यानं मले सोमवारपासूनच कामावर बोलावलं होतं. तुमच्या परीक्षेसाठी थांबलो. उद्या जावं लागते."

"जा भाऊ. पुष्कळ केलं तुम्ही."

आता पुन्हा लर्निंग, पुन्हा महिनाभर थांबणं. यांनी खिडकीकडे तोंड केलं होतं. "सासू-सुनेनं मिळून मले वाचवलं म्हणायचं," एवढंच बोलले. रागानं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर घटाला पाणी घातलं. धान हिरवं उगवून आलं होतं. देवीला काय मागावं ते मला सुचेना.

आज गुरुवार. पहिली बस सहाची, स्टँडवर लागली की लगेच भरते. डायलिसिसनंतर यांना चक्कर येते, पण येतानाच्या बसचं तेव्हाचं तेव्हा. निदान जाताना खिडकीची जागा हवी. हे अजून झोपले आहेत. त्यांच्या उशाशी फाईल ठेवली, चपला दाराजवळ नीट लावल्या. शेजारच्या पुष्पाकाकूंना सांगितलं, अर्ध्या तासानं यांना स्टँडवर आणून सोडा.

मग जागेवर टाकायला रुमाल घेतला, दार हलकेच ओढलं आणि गार मातीवरून स्टँडकडे निघाले.