परवा म्हणजे नक्की कधी?

रक्त तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं युनिक्स प्रणालीवरचे संगणक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणत. मोठ्या साहेबांनी नवं ईमेल आणि कॅलेंडर परस्पर पसंत करून टाकलं होतं. आता खरेदीच्या कागदावर आक्कांची फक्त सही हवी होती. सही नसेल तर विभागाच्या किल्ल्या ठेवा, असंही बजावून झालं होतं. आधी कळस, मग पाया!

विक्रेता मोठा गोडबोल्या. "मॅडम, हे आलेलं पत्र स्वतः वाचून तारीख आपोआप कॅलेंडरात टाकतं. तुम्ही नुसत्या बसा."

"बसायचा पगार नाही मिळत मला," आक्का म्हणाल्या. त्या मंगळवारी सकाळीच आलेलं एक खरंखुरं पत्र त्यांनी त्यात टाकलं: 'परवा घेतलेला नमुना खराब झाला. पुन्हा रक्त घ्या, तातडीने.'

कॅलेंडरने ऐटीत नोंद केली: रक्त घेणे, गुरुवार.

"अहो, नमुना रविवारचा! गेलेला परवा! पेशंटने काय दोन दिवस हवा खात बसायचं?"

"पुढच्या आवृत्तीत सुधारेल," विक्रेता घाम पुसत म्हणाला. "आतले नियम तुम्हाला उघडता येत नाहीत."

"इथंच तर घोडं पेंड खातंय!"

आक्कांनी खुर्ची आपल्या यंत्राकडे वळवली. त्यांनी निवडलेलं सॉफ्टवेअर दिसायला अगदीच सुमार. पण युनिक्सवर चालणारं आणि आतून हवं तसं बदलता येणारं. तेच पत्र त्यात टाकलं. पडद्यावर प्रश्न आला: 'गेलेला परवा की येणारा?'

"चार ओळी लिहिल्या मी काल. आपली माणसं बोलतात तसं हे वळतं. तुमच्या यंत्रासाठी आम्ही बोलणं बदलायचं? हट्!"

शेजारी बसून सगळं बघणारे साहेब लालबुंद झाले. "आक्का, शेवटचं विचारतो. सही की किल्ल्या?"

आक्कांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला. बावीस वर्षांत त्या किल्ल्या त्यांनी कुणाच्या हातात दिल्या नव्हत्या. पण चुकीच्या दिवशी बोलावलेल्या पेशंटला तोंड कुणी दाखवायचं? त्यांनी कागद ओढला, मोठ्या अक्षरांत 'नामंजूर' लिहिलं, खाली झोकात सही ठोकली आणि वर किल्ल्या ठेवल्या.

साहेब त्या पडद्यावरच्या प्रश्नाकडे बघत राहिले. "मी विचार करून परवा..." ते अडखळले. "म्हणजे, येत्या गुरुवारी सांगतो."

"सांगा सावकाश. माझं आजच सांगून झालंय," आक्का म्हणाल्या आणि पेशंटला बोलावून घ्यायला त्यांनी फोन उचलला.