मुळ्याच्या रांजणातला तोफगोळा

भंगाराच्या बदल्यात यॉत, म्हणजे चिकट गोड कांड्या, देणारा यॉतवाला त्या गावात आला तेव्हा मान्सू अंगणात उकिडवा बसून तोफगोळ्याच्या कमरेचा तांब्याचा पट्टा छिन्नीने उपटत होता. शेतातले जव अजून हिरवे होते, घरातले दाणे संपत आले होते, आणि घरधनी सकाळपासून लोखंडाशी झुंजत होता. असल्या कामाला मान्सूकडे वेळच वेळ असायचा.

गोळा घरचाच म्हणायचा. लढाई थांबली त्या साली तो नांगराला लागला. मान्सूच्या आईने, म्हणजे घरातल्या सासूबाईंनी, तो घासूनपुसून खारवलेल्या मुळ्याच्या रांजणात दाब म्हणून ठेवला. तेव्हापासून त्याला कुणी दगडापेक्षा जास्त मान दिला नव्हता.

अंगणाच्या कडेला ओकबुन, मान्सूची बायको, दगडावर कापड बडवत होती. ओसरीवर पोर झोपली होती. कुंपणाबाहेर यॉतवाल्याची गिऱ्हाइकं बोलवायची मोठी कात्री खणखणली, आणि बघता बघता ती ओकबुनच्या दांड्याच्या ठेक्यात मिसळली. तिने मुद्दाम ठेका मोडला, कात्रीनेही मोडला. तिला हसू आवरेना. त्या घरात हसायला कारण लागायचं, आणि ते क्वचितच मिळायचं.

यॉतवाला गाडी ढकलत फाटकाशी आला. एक कान भाजलेला, बाकी चेहरा खट्याळ.

“फुटका तवा, तुटका जोडा,
मोडका नांगर इथेच सोडा!
सासूबाई, रुसवा द्या,
बदल्यात गोड कांडी घ्या!”

“मेल्या, माझा रुसवा तुझ्या गाडीत मावायचा नाही,” सासूबाई म्हणाल्या, पण खूश झाल्या.

“वहिनी, घोटभर पाणी मिळेल? गाणं सुकलंय, गळा—” एवढ्यात त्याची नजर गोळ्यावर गेली आणि कात्री थांबली.

“दादा, हातोडी खाली ठेवा. तो जिवंत आहे.”

मान्सू फिदीफिदी हसला. “आलं का! मागचा भंगारवाला आमच्या पितळी वाटीला पत्रा म्हणाला होता. तू गोळ्याला जिवंत म्हण.”

“टोकाचं स्फोटाचं टोपण शाबूत आहे. मी पलटणीची असली ओझी पाठीवर डोंगर चढवलीत. खालच्या वाडीत असाच एक फुटला, ऐकलं नाहीत?”

“तो रानटी होता. आमचा पाळीव आहे.”

“माझ्या मुळ्यावर दोन हिवाळे बसलाय,” सासूबाई म्हणाल्या. “मुळ्याला ओरखडा नाही.”

“अर्धं ताट यॉत देतो. गोळा मला द्या.”

मान्सूचे डोळे बारीक झाले.

“बरं, सगळं ताट घ्या. गाडीसुद्धा ठेवा. पण त्याला हात लावू नका!”

इथेच तो बिचारा चुकला. चोराच्या मनात चांदणं. मान्सूने जन्मभर ओला तांदूळ कोरडा म्हणून विकला होता. ज्या मालासाठी भंगारवाला गाडी सोडतो, तो माल सोन्याचाच असणार, एवढं त्याला कळत होतं.

“आता मीच फोडतो आणि बाजारात विकतो,” तो म्हणाला. “फूट इथून!”

ओकबुन मात्र यॉतवाल्याच्या तोंडाकडे बघत होती. पाणी मागतानाही ज्याला खोडी काढावीशी वाटली, तो आता सुक्या ओठांनी नुसतं बोलत होता. ती दांडा हातात घेऊन उठली.

“अहो, ऐका ना त्याचं. पोर निजलीय तिथे.”

“तू कापड बडव.”

मान्सूने हातोडी उचलली तसा यॉतवाल्याने त्याच्यावर झेप घेतली. दोघे धुळीत लोळले. मान्सू अंगाने रेडा. त्याने हातोडीचा दांडा यॉतवाल्याच्या तोंडावर मारला, दोन दात रक्तासकट बाहेर आले. मग तो उठून त्याच्या बरगड्यांत लाथा घालत सुटला. “मार त्या लबाडाला!” म्हणत सासूबाई झाडू घेऊन धावल्या आणि भाजलेल्या कानावरच दोन फटके ओढले. यॉतवाला हात वर करत नव्हता. तो गोळ्यावर पालथा पडून राहिला होता.

“वहिनी,” तो रक्त थुंकत म्हणाला, “पोरीला घ्या. बांधापलीकडे पळा.”

मान्सूने त्याला पायाला धरून बाजूला ओढलं, छिन्नी पट्ट्याला लावली आणि हातोडी डोक्यावर नेली.

पळायला वेळच नव्हता. ओकबुनने कापड बडवायचा दांडा दोन्ही हातांनी त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सासूबाईंनाही ऐकू गेला. मान्सू ओरडला, डाव्या हाताने त्याने तिच्या कानाखाली वाजवली, ती कोलमडली, आणि कोलमडता कोलमडता तिने त्याचा गुडघा फोडला. पाच वर्षं खाल्लेला मार तिच्या हातांत उतरला होता. तिला बरं वाटलं, हेही खरं.

“न्या तो,” ती यॉतवाल्याला म्हणाली. “लवकर.”

त्याने गाडीकडे पाहिलं आणि मान हलवली. वाट खडबडीत होती, गाडीत गोळा आदळला असता. त्याने गोळा तान्ह्या बाळासारखा छातीशी घेतला. कात्री तिथेच टाकली. खणखणाट ऐकला की गावची पोरं धावत येतात.

“ओढ्याच्या वर जुनी खाण आहे,” ओकबुन म्हणाली.

“माहीत आहे, वहिनी.” तो वाकून, एक बरगडी सांभाळत, एकही शब्द न गाता चालू लागला. ती पोरीला कडेवर घेऊन तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली.

ओढ्याच्या बाजूने आवाज झाला तेव्हा ओसरीची छपरी हलली. रांजणांवरची झाकणं उडाली. पोर किंचाळली. मग डोंगरावरून बराच वेळ दगड घरंगळत राहिले.

पहिला मान्सू बोलला. मोडका हात मांडीवर धरून, घामाने निथळत.

“बघितलंस? वाटेतच फोडायला बसला. सगळं तांबं एकट्याने लाटायचं होतं लबाडाला.”

“आणि माझा दाब गेला,” सासूबाई म्हणाल्या.

ओकबुनने पोर सासूच्या मांडीत ठेवली. कोपऱ्यातली मोठी टोपली उचलून तिने मान्सूपुढे टाकली. दांडा अजून तिच्या हातात होता.

“उठा.”

“कुठे?”

“त्याला वेचायला. डावा हात शाबूत आहे ना तुमचा?”