आठाची घंटा

दोराचं टोक तिच्या तळहातावर वेटोळं घालून पडलं होतं. वीतभर लांब, एका बाजूनं विसकटलेलं, आणि मुठीत धरायच्या जागी लाल-पांढऱ्या लोकरीचं विणकाम — लोकर कसली, कितीएक हातांच्या घामानं तिचं कातडं झालं होतं. एफीनं ते नाकाशी नेलं. तंबाखू, ओल, जुना धातू... की धातूचा वास आपणच त्यात घालतो आहोत? आज सकाळपासून असं काही नक्की सांगता येत नव्हतं.

सकाळी पावाच्या दुकानात विल्मानं ते कागदात गुंडाळून पुढे केलं होतं.

"आर्चीनं ठेवलंय तुमच्यासाठी, मावशी. म्हणाला, म्हातारीला दे, तिचा घंटेवर नवऱ्यापेक्षा जास्त जीव."

"घंटा वाजवून वाजवून बहिरा झालाय तो. आणि मला म्हातारी म्हणतो?"

विल्मा हसली. "नवा दोर चढवलाय म्हणे. आज आठाला पुन्हा वाजणार. मेंढीबाजाराच्या दिवशी तुटला, तेव्हापासून बंदच की हो! कसं चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. तुम्हाला तर किती वाटलं असेल."

"हो ना," एफी म्हणाली, आणि मनुकांचा पाव पिशवीत टाकून बाहेर पडली.

पण बंद कुठे होती? काल वाजली. परवाही वाजली. रोज वाजते, मी उठते, शेगडीतले निखारे राखेत पुरते — माझा नवरा सँडी पुरायचा तसे, पहिल्या ठोक्याला तो वर्तमानपत्राची घडी घालायचा आणि म्हणायचा, "चला, झाका विस्तव, गाव जळायला नको." गाव जळलं होतं खरंच, गवती छपरांच्या काळात, सीमेपलीकडच्या सैन्यानं जाळलं होतं, आणि नंतर एकदा कुणाच्या तरी चुलीतल्या ठिणगीनं, तेव्हापासूनची ही घंटा. पुढे छपरं दगडाची झाली, घरोघर गॅसची ऊब आली, विस्तव उरला तो एकट्या एफीच्या शेगडीत... पण घंटा राहिली. आणि ती बंद होती म्हणे. मग मी काय ऐकत होते?

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आयल्साला तर नाहीच. नदीकाठच्या वृद्धाश्रमात खोली रिकामी झाली होती आणि आज संध्याकाळी एडिंबरोहून लेकीचा फोन यायचा होता — हो की नाही. मागच्या वेळी एफी ठणकावून म्हणाली होती, "माझं डोकं ठिकाणावर आहे तोवर मी हा चौक सोडायची नाही." आयल्सानं ते शांतपणे ऐकून घेतलं होतं. "ठीक आहे, आई. डोकं ठिकाणावर आहे तोवर. ठरलं."

ठरलं. आपल्याच तोंडानं ठरलं.

दुपारभर ती खिडकीशी बसली. खाली चौकात मोटारी उभ्या होत्या, त्यांच्या जागी तिला लाकडी कुंपणं दिसली, आत खेटून उभी कोकरं, आणि दगडी खांबापाशी टोपीत गवताची काडी खोचून कामाला ठेवणाऱ्या मालकाची वाट बघणारे शेतगडी — त्यांतल्याच एकानं, आईनं सांगितलं होतं, आईकडे बघून ती काडी चावायला सुरुवात केली आणि तोच पुढे आपला बाप झाला... हे मी पाहिलेलं नाही. तरी दिसतं. पण दिसतं हे वेगळं आणि ऐकू येतं हे वेगळं, नाही का?

कसायाच्या दुकानासमोर एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं काहीतरी विचारलं. जॉक कसाई पुसलेल्या हातानं दिशा दाखवू लागला.

"स्टेशनापाशी डावीकडे वळ, मग घोडेबाजारातून सरळ."

"आत्ताच तिकडून आलो. स्टेशन कुठाय?"

"नाहीये. माझ्या लहानपणीच मोडलं."

"आणि घोडे?"

"घोडे कशाला पाहिजेत तुला? सरळ जा म्हटलं ना!"

ट्रक गेला. एफीला हसू आलं, मग ते ओठांवरच थांबलं. जॉकसाठी कुणी नदीकाठी खोली बघत नव्हतं.

जूनचा उजेड संध्याकाळी संपता संपत नाही. मनोऱ्याच्या कठड्यावर पारवे ओळीनं बसले होते. पहिल्या ठोक्याला ते सगळे एकदम उडतात, चौकावर एक फेरी घालतात आणि परततात. पारव्यांना जुनं काही आठवत नाही.

फोन वाजला.

"आई, झाला का विचार?"

आणि घंटा झाली. गोल, जरा घोगरी, शेवटी लांबत जाणारी. अगदी कालच्यासारखी — तीच तर अडचण होती. मान वळवली की पारवे दिसतील, उडालेले की बसलेले. आयल्साला विचारलं तर तीही सांगेल, ऐकू आली की नाही ते. मान वळवायची. किंवा विचारायचं. दोन्ही हाताशी होतं.

"आई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय ग."

तिनं दोराचं टोक पदरात टाकल्यासारखं मांडीवरच्या झग्यात टाकलं आणि खुर्ची खिडकीकडे पाठ करून फिरवली. समोर शेगडी होती, तिच्यात लालबुंद निखारे. सकाळपासून छातीत काहीतरी आवळून धरलं होतं, त्याची गाठ कुठेतरी सैल होत होती. सुटत नव्हती, नुसती सैल होत होती.

"थांब जरा," ती फोनमध्ये म्हणाली. "आधी विस्तव झाकते."

राख अजून ऊन होती. ठोके पडत होते. तिनं ते मोजले नाहीत.