सहाणेवर वाढलेला डॉक्टर

मी एक जुनी सहाण आहे, मित्रांनो. म्हणजे बाळगुटी उगाळायचा काळा, वाटोळा दगड. दगड म्हणून नाक मुरडू नका. अंबाजोगाईत ज्या डॉक्टरांकडे आया लेकरं घेऊन रांग लावतात, त्यांना मी वाढवलंय!

सटवा पाथरवटानं मला घडवलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण नाही आलं, पण बाळंतिणीच्या घरात मान मिळाला. कपिलधारच्या यात्रेत एका गरोदर बाईनं मला हौसेनं घेतलं. ती नांदूरघाटाकडच्या शंकरप्पा स्वामींची बायको. पण मला वापरणं तिच्या नशिबी नव्हतं. संगमेश्वराला जन्म देऊन ती गेली.

शंकरप्पा गावचे जंगम. लग्न असो, मर्तिक असो, पूजेला त्यांच्यावाचून चालायचं नाही. मग तान्ह्याला कोण बघणार? त्यांची विधवा बहीण उमाबाई धावून आली आणि आम्हा दोघींची जोडी जमली. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग ती माझ्यावर उगाळायची. गंमत म्हणजे उगाळण्याचा आवाज आला की पोरगं रडायचं थांबायचं, गुटी जिभेला लागायच्या आधीच! मोठेपणी त्यानं ह्यावरच डोकं चालवलं. आवाज, वास आणि आठवण ह्यांची मनात गाठ कशी बसते, ह्याचा विचार तो अजून करतो. लोक त्याला अर्धा डॉक्टर, अर्धा तत्त्वज्ञ म्हणतात. मी म्हणते, ते बी माझंच!

तो बारावीत असताना शंकरप्पा वारले. गावानं ठरवलं, आता वडिलांची गादी पोरानं चालवायची. पोरगं चावडीवर उभं राहून म्हणालं, "देवाधर्माबद्दल माझ्या मनात लई शंका हायत. मनात एक आन् तोंडात एक, असं मला जमणार न्हाई. मी डॉक्टरकी शिकतो."

"बापाचं नाव बुडवतो का बे?" आश्रुबा पाटील कडाडले.

तेव्हा उमाबाई उठली. "खोटं बोलूनच राखायचं असंल तर बुडू द्या ते नाव!"

मी काही तिथं नव्हते. पण हे तिनं चुलीपुढं इतक्यांदा सांगितलंय की मला तोंडपाठ झालंय. दोघांनी गाव सोडलं, अंबाजोगाईला खोली केली. तिनं पापड लाटले, त्यानं अभ्यास केला. मी फळीवर धूळ खात पडले, तरी कुरकुर केली नाही. कधीतरी त्याच्या घरात पाळणा हलेल आणि माझी पाळी येईल, ह्या आशेवर होते.

संगमेश्वराची लेक कावेरी आजोळी जन्मली आणि रांगायला लागल्यावरच घरी आली, तेव्हा माझी पाळी हुकली. गेल्या वर्षी तीच कावेरी बाळंत झाली. म्हाताऱ्या उमाबाईनं मला घासून लख्ख केलं. मी तर हरखून गेले! तेवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांनी तिचा हात धरला.

"आत्या, गुटी नको. सहा महिने फक्त आईचं दूध."

"ह्याच सहाणेवर तू जगलास. इसरलास का?"

"न्हाई इसरलो. पण गुटीनं आजारी पडलेली लेकरं मी बघतो. दवाखान्यात आयांना नको म्हणायचं आन् घरात उगाळायची, हे माझ्यानं कसं होईल?"

उमाबाईचे डोळे भरले. माझ्या दगडाच्या काळजातही चर्र झालं. ज्याला वाढवलं त्यानंच मला बेकार करावं? ती कितीतरी वेळ मला मांडीवर घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शेजारची मनकर्णा गुटीची पुडी घेऊन आली. उमाबाई ताठ मानेनं म्हणाली, "ठिव ती पिशवीत. आमच्या संगूनं न्हाई म्हटलंय, आन् संगू खोटं बोलत न्हाई."

तेव्हा मित्रांनो, माझं ऐका. तुमच्या घरी माझ्यासारखी म्हातारी असेल तर तिला फेकू नका, धुऊनपुसून फळीवर ठेवा. पण तान्ह्याच्या ओठाला तिचा थेंब लावू नका. हे मी सांगतेय, संगमेश्वर डॉक्टरांना वाढवणारी सहाण!