चावणारा नळ

सहा महिने एकाही भाडेकरूने तक्रार केली नव्हती, आणि म्हातारीला नेमकी त्याचीच धास्ती लागली होती.

नवरा होता तेव्हा घरमालक म्हणजे खांद्यावर शिडी आणि खिशात पाना. पाचही बिऱ्हाडांतून हाक यायची, "काका, नळ गळतोय!" की जेवण अर्धं टाकून तो कुरकुरत निघायचा. तो गेला आणि कारभार मुलाच्या हाती आला. मुलाने जिन्याखाली मीटरशेजारी कागद चिकटवला : दुरुस्तीला माणूस बोलावणाऱ्याने व्हिजिटचे पैसे आधी भरावेत, दोष घराचा निघाला तर परत मिळतील. घराचा दोष आजवर निघालाच नव्हता. कारण तो ठरवायचा मुलानेच.

"बघ आई, कसं सगळं सुतासारखं सरळ झालं!"

"अरे, चाळीस वर्षांची वायर ती. कागद वाचून सुधारली होय?"

त्या दिवशी उसवलेल्या उशीचं निमित्त काढून म्हातारी वरच्या शिवणवालीकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून शिवणवाली लेकीवर ओरडत होती, "आधी चप्पल घाल! हाताने नाही, लाकडी चमच्याने फिरव!"

म्हातारी दार ढकलून आत गेली. "नळाला चमचा कशाला गं?"

"अगंबाई, मावशी! काही नाही हो, खेळतेय ती. बसा ना."

"आजी, नळ चावतो," न्हाणीतून मुलगी म्हणाली. "गिझर लावला की जास्तच."

"कधीपासून?"

शिवणवालीने मान खाली घातली. "थंडी पडल्यापासून. मागे पंख्याचे पैसे भरले ते गेलेच, मावशी. आता हिची फी भरायचीय. सांभाळून वापरतो आम्ही."

म्हातारी जिना कशी उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने मीटरजवळचा मेन स्विच खाडकन खाली ओढला. घरभराचे पंखे थांबले, दारं उघडली. मुलगा धावत आला.

"आई, वेड लागलंय का? माझं काम चालू होतं!"

"वायरमन सगळं घर तपासेपर्यंत हा स्विच वर जाणार नाही. पैसे मी देईन. आणखी कुणाकुणाचा नळ चावतो, बोला!"

सगळे मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हातारीने स्विचवरचा हात काढला नाही. शेवटी तळमजल्यावरचे पेन्शनर खाकरले. "वहिनी, आमची न्हाणीची भिंत... ओल्या हाताने टेकलं की झिणझिण्या येतात."

"आमचा बोर्ड तापतो," मागून कोणीतरी म्हणालं. "वास पण येतो."

मुलाचा चेहरा उतरला. मुकाट्याने त्याने फोन लावला. वायरमनला यायला दोन तास लागणार होते.

म्हातारीने स्टूल ओढलं आणि स्विचला पाठ लावून बसली. मेन बंद असूनही वर कुठे पाऊल वाजलं, की ती ओरडायची, "नळाला हात लावू नका रे!"