डाव्या वळणावरचे नान

तिसऱ्यांदा पडला तेव्हा साबिरने आधी नान पाहिले आणि मग स्वतःचा गुडघा.

उझबेकिस्तानातल्या मार्गिलान शहरात, जुन्या रेशीम गिरणीमागे रस्ता कालव्यावरून डावीकडे वळतो. तिथे स्कूटरचे हँडल कोणीतरी हिसकावून घ्यावे तसे त्याच्या मुठीतून फिरले, मागचा पत्र्याचा डबा उघडला आणि चाळीस गरम नान रस्त्यावर घरंगळत गेले. पहाटेचा उजेड नुकता पसरत होता. बाजाराला निघालेली एक म्हातारी वाकली. तिने एकेक नान उचलून ओठांना लावला, मग कपाळाला, आणि पाखरांसाठी कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. एका टॅक्सीवाल्याने कुणाचे चाक अन्नावरून जाऊ नये म्हणून आपली गाडी आडवी घातली. कोणी रागावले नाही. रागावले असते तर साबिरला तेवढाच आधार वाटला असता. त्यांच्या गप्प राहण्यात जी कीव होती, तिच्यासमोर त्याला मान वर करता येईना.

आरसा फुटला होता, ब्रेकची लिव्हर मुडपली होती. रिकामा डबा बांधून, स्कूटर हाताने ढकलत तो घरी निघाला.

स्कूटर त्याला मोठ्या भावाने, बहरामने दिली होती. वसंतात, कामासाठी रशियाला जाताना, अंगणात गल्लीतल्या वडीलधाऱ्यांच्या देखत त्याने किल्ली साबिरच्या तळहातावर ठेवली आणि आता नान तू पोहोचवायचेस, असे सांगितले. सगळ्यांनी दुवा मागून चेहऱ्यावरून हात फिरवले. वडील नसलेल्या त्या घरात आईची भट्टी हीच रोजीरोटी होती, आणि नान चहाखान्यांपर्यंत नेणे हे बहरामचे काम होते. साबिर एकोणीस वर्षांचा, चारचौघांत तोंडातून शब्द न फुटणारा. शाळेत हजेरीच्या वेळी ‘हजर’ म्हणतानाही त्याचा आवाज विरून जाई. पण पहाटे पाठीशी उबदार डबा घेऊन निघाले की आपण जगाला काहीतरी नेऊन देत आहोत असे त्याला वाटे. चहाखान्यातली माणसे त्याची वाट पाहत. त्याची वाट कोणी पाहावी, असे त्याच्या आयुष्यात पूर्वी घडले नव्हते.

पहिल्यांदा पडला तेव्हा बहराम फोनवर खूप हसला होता. हातात भीती आहे तुझ्या, तो म्हणाला. गाडीला माणसाची भीती कळते. दुसऱ्यांदा पडल्यावर तो हसला नाही. मग मात्र रोज संध्याकाळी फोन करून बारीकसारीक विचारू लागला. डब्यात किती नान होते, वळण डावे होते की उजवे, वेग किती होता. परक्या मुलुखात विटा उचलून थकलेला भाऊ आपली एवढी काळजी करतो, या विचाराने साबिर प्रत्येक प्रश्नाला नीट आठवून उत्तर देई.

मोडलेले तो स्वतःच जोडी. इंडिकेटरला चिकटपट्टी, मडगार्डला तार, खरचटलेल्या रंगावर बाजारातून आणलेला, जरासा वेगळ्याच छटेचा निळा. कारागीर नॉर्मतकडे जाऊ नकोस, तो लुटतो, असे बहरामने बजावले होते. दुपारी रिकाम्या मैदानावर तो डावी वळणे घोटत राही. रिकामी स्कूटर पाण्यावरून जावी तशी वळे. डबा भरला की मात्र त्या वळणावर तिचे डोके फिरे. म्हणजे दोष आपलाच, असे त्याने स्वतःला समजावले होते. नानचा भार मानाचा असतो आणि आपल्याला तो मान पेलवत नाही.

त्या सकाळी भट्टीपाशी शेजारची सलामत खाला नान घ्यायला आली होती. वळणावरचे सगळे तिच्या कानावर आलेच होते. रिकामा डबा पाहून ती म्हणाली, “अरे, उद्या लग्न झाल्यावर बायकोला मागं बसवशील, तर तिलाही असंच भिंतीवर ठेवावं लागेल.” बायका हसल्या. आई हसली नाही. हातातला लाटलेला नान भट्टीच्या आतल्या भिंतीवर थापून तिने एवढेच सांगितले, की शुक्रवारपासून नान सलामतच्या जावयाच्या गाडीतून जातील. तिच्या आवाजात राग नव्हता. साबिरला वाटले, आपले नाव कोणीतरी हळूच पुसून टाकले.

शुक्रवारला दोन दिवस होते. लिव्हर घरी सरळ होईना, म्हणून भावाचे बजावणे मोडून तो नॉर्मतच्या दुकानात गेला. तेलाने काळवंडलेला तो थोराड माणूस चहा पीत बसला होता. स्कूटर दिसताच त्याने पेला खाली ठेवला.

“हिला अजून माती दिली नाहीत?”

साबिरला कळेना. नॉर्मत उठला, पुढचे प्लॅस्टिकचे कवच चार स्क्रू काढून उतरवले आणि हँडलखाली, जिथे सांगाड्याची मान असते तिथे बोट ठेवले. तिथे लोखंडावर वेल्डिंगचा जाड, उंचसखल टाका होता, जुन्या जखमेच्या वणासारखा, आणि त्या टाक्याच्या कडेने केसाएवढी भेग.

“हा टाका माझा,” नॉर्मत म्हणाला. “हिवाळ्यात तुझ्या भावानं कालव्याच्या कठड्यावर घातली तेव्हाचा. मान तुटली होती हिची. मी म्हटलं, बाबा, भंगाराच्या दारापर्यंत जाईल एवढंच जोडून देतो. मागं वजन टाकलंस तर वळणावर भेग उघडेल आणि हँडल स्वतःच्या मनानं फिरेल. इथं माझा नान ठेवला होता. त्यावर हात ठेवून म्हणाला, उद्याच मोडीत घालतो.”

आमच्याकडे माणूस पुष्कळ खोटे बोलतो. व्यापारात बोलतो, सोयरिकीत बोलतो. नानवर हात ठेवून मात्र बोलत नाही. साबिरने त्या भेगेवरून बोट फिरवले. त्याच्या मनात बहरामचे संध्याकाळचे प्रश्न एकेक करून परत आले. किती नान होते, वळण कुठले, वेग किती. ज्याला त्याने माया समजून उराशी धरले होते, ती खरे तर भेग कुठवर आली याची चौकशी होती.

लिव्हर न बदलताच तो घरी आला.

संध्याकाळी फोन आला. आईने तो नेहमीसारखा चहाच्या किटलीला टेकवून उभा केला आणि ती पीठ मळायला बसली. बहरामचा चेहरा उन्हाने रापलेला होता. आज पडला नाहीस ना, त्याने विचारले.

“आका,” साबिर मोठ्या भावाला म्हणाला, आणि आपला आवाज विरत नाही याचे त्यालाच नवल वाटले, “नानवर हात ठेवून तुम्ही नॉर्मतला काय सांगितलं होतं?”

पलीकडे कोणीतरी लोखंड कापत होते. मग बहरामने अगदी हळू विचारले,

“ओयी जवळ आहे का?”

त्याने नाकारले नाही. मरता मरता वाचलास का, असेही विचारले नाही. ‘ओयी’ ही आपली हाक ऐकून आईचे हात पिठात थांबले होते. “जवळच आहे,” ती म्हणाली, पुढे झाली आणि ओल्या बोटाने तिने फोन बंद केला.

तिने परातीवर फडके घातले, काठ नीट दाबले.

“हिवाळ्यात त्याच्या खांद्याला पट्टी मीच बांधली होती,” ती अखेर म्हणाली. “गाडी दुरुस्त झाली म्हणाला. मी पुढं विचारलं नाही.”

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“एवढं मोडलंय हे नव्हतं ठाऊक.” मग खाली पाहत, “हे बाहेर नको बोलूस, बाळा. शरद ऋतूत त्याची सोयरीक ठरायची आहे. नानवर खोटं बोलला हे कळलं तर कोण मुलगी देईल? तुझं काय, नवखा होता, पडला, म्हणतील लोक. विसरतील.”

तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात लहानपणीइतकाच मऊ होता, आणि साबिरला ते सोसवेना.

शुक्रवारी पहाटे सलामत खाला जावयाला घेऊन आली. गाडीचे मागचे दार उघडताना ती थट्टेने म्हणाली, आता तरी नानांना झोप लागेल. आई भट्टीत वाकलेली होती. साबिर पुढे झाला.

“खाला, गाडी परत न्या. नान मी नेणार आहे.”

“त्या स्कूटरवर?”

“तिची मान तुटकी आहे. मी तिच्यावर पडलो, कारण ती तशी होती. मला चालवता येते.”

तुटकी कशी, कधी, असे खालाने विचारले. तो भट्टीजवळचे नान उचलू लागला. आईने मागे वळून पाहिले नाही. पण पुढचा नान थापताना तिचा हात हवेत जरा रेंगाळला, आणि तिने त्याला अडवलेही नाही.

माळ्यावरून त्याने जुनी बाबागाडी उतरवली होती. बाजारातले नानवाले वापरतात तसली, उंच चाकांची. तीत चादर अंथरून त्याने चाळीस नान रचले, वरून रजई घातली आणि ढकलत निघाला. चहाखान्यांना आज नान उशिरा मिळणार होते. उद्यापासून तासभर आधी उठावे लागेल, असा हिशेब करत तो गिरणीमागच्या वळणावर आला. बाबागाडीचे एक चाक कुरकुरत होते. तो थांबला, खाली बसला आणि आसात अडकलेला काडीकचरा नखाने काढू लागला. घरून निघताना त्याच्या खिशात फोन वाजला होता, आता पुन्हा वाजत होता. चाक मोकळे होईपर्यंत त्याने तो वाजू दिला, आणि मग, न पाहताच, बंद केला.